पाठीवरचा पोपटी पट्टा

“अजून वाक,” मास्तर म्हणाले. “शर्यतीचा सूट उभ्या माणसासाठी नसतो.”

रायडर मोटरसायकलच्या उंचीच्या लाकडी घोड्यावर पोट टेकून झुकली. मास्तरांनी तिच्या मानेपासून कमरेपर्यंत टेप लावली, आकडा वाचला आणि लिहायच्या आधीच विसरले. पुन्हा मोजलं. चाळीस वर्षं चामडं कापणाऱ्या माणसाला आज एक आकडा लक्षात राहत नव्हता.

मागच्या महिन्यात बहिणीचा फोन आला होता. “तुझी लेक मोटरसायकलच्या शर्यतींत असते म्हणे. बापाचं रक्त, जाणार कुठं!” याहून जास्त तिला माहीत नव्हतं. आणि आज ही दारात उभी. वय सव्वीसच्या आसपास, भुवया थेट बायकोच्या.

मास्तरांनी घर सोडलं तेव्हा लेक पाच वर्षांची होती. दुसऱ्या बाईच्या नादानं गेले, तीही दोन वर्षांत कंटाळली. मग परत जायला तोंड उरलं नाही. ते तोंड शोधण्यात पुढची एकोणीस वर्षं गेली.

“माझा पत्ता कुणी दिला?” त्यांनी विचारलं.

“हिनं.” रायडरनं स्टुलावर बसलेल्या मुलीकडे बोट केलं. “माझी मेकॅनिक. ट्रॅकवर हिला सगळे पाना म्हणतात. म्हणाली, सूट शिवायचा तर याच दुकानात, नाहीतर शिवूच नकोस.”

‘स्वतःहून आले’ असं लेकीनं कसं कबूल करावं, मास्तरांना वाटलं. मैत्रिणीला पुढं केलंय झालं.

पानाच्या नखांत ग्रीस होतं. टेबलावरचं चामडं ती बोटानं चाचपत होती.

“हात नको लावूस गं, डाग पडतील!” मास्तर खेकसले.

तिनं हात मागे घेतला. “सॉरी, मास्तर.”

मास्तरांनी वही उघडली. “नाव काय लिहू?”

“वादळ. शर्यतीत तेच चालतं, पाठीवरही तेच टाका,” रायडर म्हणाली. “आणि सूट माझ्यासारखा हवा. सगळ्यांचे सूट एकाच छापाचे असतात. वळणावर मी पाठमोरी असले तरी लांबून कळायला हवं, की ही मीच.”

“मग स्वतःबद्दल सांग.”

ती भडाभडा बोलत सुटली. आपण हट्टी आहोत, दुसरा नंबर आला की दोन दिवस जेवत नाही, भीती वाटली की हेल्मेटमध्ये गाणं म्हणतो.

“बेसूर,” पाना म्हणाली.

मास्तरांनी सगळं लिहून घेतलं. खरं नाव काय आणि घरी कोण असतं, एवढं विचारायचं मात्र धाडस झालं नाही. भित्र्या माणसाची खात्री फार लवकर पटते.

“तुम्ही एकटेच राहता, मास्तर?” पानानं मध्येच विचारलं.

“एक मुलगी आहे,” मास्तर रायडरकडे बघत म्हणाले. “हिच्याएवढीच. तिच्याशी मी फार वाईट वागलो.”

रायडर अवघडली. गाडी नीट लावलीय का बघते, म्हणून पाना बाहेर गेली. ती परत आली तोवर मापं संपली होती.

पुढचे तीन आठवडे मास्तरांनी दुसरं काम घेतलं नाही. कोपरांना, गुडघ्यांना दुहेरी चामडं घातलं. प्रत्येक जोडावर तीनदा शिवण मारली. लहानपणी ती कितीदा पडली असेल, कुणी उचललं असेल, या विचारानं त्यांची सुई अडायची. पाठीवर त्यांनी खांद्यापासून कमरेपर्यंत एक तिरका पोपटी पट्टा बसवला. घर सोडलं त्या दिवशी लेक फाटकाला धरून उभी होती, अंगात पोपटी स्वेटर. मास्तरांनी वळून पाहिलं होतं आणि तरीही गेले होते. तिचा चेहरा आता पुसट झाला होता, रंग तेवढा लख्ख राहिला.

“पोपटी!” सूट घालून रायडर आरशासमोर वळली. “मला सात जन्मांत सुचला नसता. पण भारी दिसतोय!”

मास्तर तिच्या डोळ्यांत ओळख शोधत राहिले. ती नव्हती. पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

पाना बराच वेळ त्या पट्ट्याकडे बघत होती. “मळेल,” ती म्हणाली.

“मळला तर पुसता येतो. तू आपलं नट-बोल्टांचं बघ.”

रायडर कपडे बदलून आली. तिनं सूट टेबलावर ठेवला तसा मास्तरांनी तिचा हात धरला. आता नाही तर कधीच नाही.

“बाळा, मी चुकलो. तुला फाटकात तशीच सोडून गेलो, एक दिवस सुखाचा गेला नाही माझा. माफ कर असं म्हणायचीही माझी लायकी नाही. फक्त एकदा बाबा म्हण. मग परत आली नाहीस तरी चालेल.”

रायडरनं हळूच हात सोडवून घेतला. तिला वाईट वाटलेलं दिसत होतं.

“मास्तर, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. माझे वडील बाहेर गाडीत बसलेत.”

पानानं सुटाची घडी घातली. तो बॅगेत ठेवून चेन ओढली, बॅग खांद्याला लावली आणि रायडरला आधी बाहेर जाऊ दिलं. मग ती दारात थांबली.

“शिवण छान झालीय, बाबा.”