गुणी बाळ

"टाचेत सुई नको," म्हणत नर्सच्या काकूंनी नातीचे पाय दुपट्यात गुंडाळून टाकले. "इतकं गुणी बाळ आहे. जन्मल्यापासून हूं नाही की चूं नाही."

नर्सच्या हातातलं ऊन फडकं निवत चाललं होतं. टाच शेकून घेतली की तपासणीपुरतं रक्त नीट येतं. खाटेवरची वहिनी सासूच्या तोंडाकडे बघत होती.

गुणी. नर्सच्या धाकट्या भावालाही काकू हेच म्हणाल्या होत्या. तेव्हा घर एकत्र होतं आणि कोठीची किल्ली काकूंच्या कमरेला. पोटुशी आई सगळ्यांच्या मागून जेवायला बसायची, तेव्हा पातेल्यात खरवड उरलेली असायची. "दोन जिवांची आहे म्हणून दोन ताटं वाढायची का?" भाऊ जन्मला तो सुस्त, अंगाला गार, दूध प्यायलाही त्याला हलवून जागं करावं लागे. डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी दिली. मेंदू आत्ता घडतोय, एक दिवसही चुकवू नका, म्हणाले. काकूंनी डबी मोरीत रिकामी केली. "एवढं शांत पोर, औषधं घालून बिघडवायचंय का?" आई पोरांना घेऊन त्या घरातून बाहेर पडली, तोवर भाऊ चालायच्या वयाचा झाला होता आणि नुकता मान धरायला लागला होता.

आता तो चांगला बाप्या आहे आणि त्याच्या शर्टाची बटणं दुसऱ्यानं लावावी लागतात. गेल्या महिन्यापर्यंत आई लावायची. ती गेली, तरी तिच्या चपला तो रोज दाराशी सरळ करून ठेवतो. काकू भेटायला आल्या होत्या. "सुटली बिचारी," म्हणाल्या.

नर्सनं बाळाकडे पाहिलं. जाडसर जीभ ओठांतून डोकावत होती. दुपट्यात हात घातला. पाऊल गार होतं. तिला काहीच करावं लागणार नव्हतं. नातेवाइकांचा नकार, एवढं लिहायचं आणि पुढच्या खाटेकडे वळायचं. कुणी बोट दाखवलं नसतं. काकूंनी आपल्या तोंडानं मागून घेतलं होतं.

ती वळलीसुद्धा. मग थांबली. एवढ्यावर काकू फार स्वस्तात सुटल्या असत्या.

"वहिनी, बाळ तुमचं आहे. टोचू?"

"टोचा," वहिनी हळूच म्हणाली.

बाळ घोगऱ्या आवाजात रडलं.

"रडवलंस ना शेवटी," काकू म्हणाल्या.

"हो."

अहवाल तिला वाटला होता तसाच आला. वेळेत सापडलं, डॉक्टर म्हणाले. रोज गोळी घेतली तर पोरगी चारचौघींसारखी वाढेल.

"मी देत जाईन," वहिनी म्हणाली.

"तुम्ही उद्या कामावर जायला लागाल. काकू देतील." नर्सनं काकूंच्या तळहातावर एक गोळी ठेवली. दोन चमच्यांमध्ये कशी चुरायची, आईच्या दुधात कालवून कशी भरवायची, ते सांगितलं.

काकू त्या पांढऱ्या कणाकडे बघत राहिल्या. "ही... तीच का गं?"

"तीच." नर्सनं त्यांची मूठ अलगद मिटली. "रोज सकाळी, काकू, तुमच्याच हातानं. आणि ती पहिल्यांदा स्वतःची बटणं स्वतः लावेल ना, तेव्हा समोर बसून नीट बघा."