बेगसाहेबांची कॉफी

खासदार औदा बेगांनी कॉफीचा पेला हातात घेतला आणि ओठाला न लावताच समोरच्या स्टुलावर ठेवला. त्यांच्यामागे मांडवात बसलेल्या साठ-सत्तर पाहुण्यांनीही हात आवरले. मागणं मान्य होईपर्यंत कॉफीला तोंड लावायचं नाही. यजमान एकदा ‘घ्या’ म्हणाला की मान्य झालं. या मादबा गावात भांडणं अशीच मिटतात आणि लग्नंही अशीच जमतात.

मागणं काय, ते सगळ्यांना पाठ होतं. तामेरला माफ करा. तामेरने भर दुपारी दारूच्या नशेत गाडी फुटपाथवर घातली आणि बेकरीतून पाव घेऊन निघालेली मायस जागीच गेली. तिच्या बापाने कोर्टात माफीवर सही केली, की शिक्षा निम्म्यावर येणार. मागच्या खेपेला आली होती तशीच. हो, मागच्या खेपेला! हा तामेरचा दुसरा बळी.

“अबू मायस,” बेग म्हणाले. इथे बापाला लेकराच्या नावाने हाक मारतात. लेकरू गेलं तरी हाक तीच राहते. “नशिबापुढे कुणाचं चालतं? पोरगा मनाचा चांगला आहे हो. सैतानानं डाव साधला.”

पितो तामेर आणि नाव सैतानाचं. मागच्या खेपेलाही सैतानच होता.

आणि कळस असा, की हेच बेग महिन्यापूर्वी संसदेत टेबल बडवत होते. दारू पिऊन दुसऱ्यांदा जीव घेणाऱ्याला कसलीही सूट नको, घरच्यांनी माफ केलं तरी नको. सगळ्या मादबाने ते टीव्हीवर पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

“त्या कायद्याचं काय झालं, बेगसाहेब?” अबू मायसने विचारलं.

“येईल ना. यायलाच हवा. पण तो पुढच्यांसाठी. तामेर आपला आहे.”

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मांडवात माना मात्र डोलल्या.

अबू मायसने घराच्या बंद दाराकडे पाहिलं. आत मायसची आई होती. “त्यांनी कॉफी घेतली, तर मी माहेरी निघाले,” एवढंच ती सकाळी बोलली होती. आणि कॉफी घेतली नाही, तर उद्यापासून गावात त्याच्या सलामाला कोणी उत्तर देणार नव्हतं.

चुलतभाऊ शाहेर त्याच्या कानाशी वाकला. “अरे, म्हण की ‘घ्या’. चारचौघांत शोभा होतेय. कॉफी थंड होतेय.”

तेवढ्यात बेगांनी हुकमाचा एक्का टाकला. “ह्या अबू सलामेंकडे बघा. एकुलता एक मुलगा गेला ह्यांचा, तामेरच्याच गाडीखाली. पण काय मोठं मन! विचारा, विचारा त्यांनाच.”

पुढच्या खुर्चीवर म्हातारा अबू सलामे मान खाली घालून बसला होता. इस्त्रीचा कोट चढवून त्याला नवरदेवासारखं मिरवत आणलं होतं.

अबू मायस त्याच्यापुढे जाऊन बसला. “काका, तुम्हीच सांगा. म्हणू का ‘घ्या’?”

“मला विचारतोस?” म्हाताऱ्याने मान वर केली. “त्या दिवशी माझ्या अंगणात हेच सगळे होते. मी ‘नाही’ म्हणणारच होतो. तेवढ्यात मागच्या रांगेतून तू उठून आलास. ‘काका, कॉफी थंड होतेय,’ म्हणालास.”

अबू मायस उठला, बेगांच्या पुढ्यातला पेला उचलला आणि कॉफी मातीत ओतून टाकली.

“कायदा पुढच्यांसाठी ना, बेगसाहेब?” तो म्हणाला. “ह्यांच्या अंगणात मी कॉफी प्यालो, तेव्हा पुढची माझी मायस होती.”