उलटा बाण

धर्माने क्रिकेटचा स्टंप टेबलावर ठेवला. टोक लाल होतं आणि त्या लालाला दोन पांढरे केस चिकटले होते.

नेत्राने आपला लॅपटॉप जरा मागे ओढला.

"सही केली?" परेशने विचारलं. त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर नव्या टॉवरचं चित्र होतं. चारकोपमधली एक जुनी सोसायटी पाडून तो उभा राहायचा होता. सोसायटीतलं एकही घर सही देत नव्हतं.

"पहिल्याच फटक्याला केली. पण उपयोग काय? म्हटलं, आता बाकीच्यांना फोन लाव, त्यांना पण सह्या करायला सांग. उजवं मनगट गेलेलं, डाव्या हाताने लावले बिचाऱ्याने. परेशभाई, एकाने पण उचलला नाही. त्या दशरथला तिथे कुत्रं विचारत नाही."

"ही तर म्हणाली होती, सगळे त्याचंच ऐकतात."

दोघांनी नेत्राकडे बघितलं.

(सगळे) –ऐकतात→ (दशरथ)

तिनेच काढून दिलं होतं हे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या गप्पा तिने ग्राफ डेटाबेसमध्ये भरल्या होत्या. माणूस म्हणजे गोल, नातं म्हणजे बाण. ज्याच्याकडे जास्त बाण येतात, तो म्होरक्या. पायथन ती व्हिडिओ बघून शिकलेली, आणि हा डेटाबेस तर नुकताच हाती धरलेला. पहिल्यांदा स्क्रीनवर गोल उमटले, बाण फुटले, तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या होत्या. परेशने सगळ्यांना लस्सी पाजली होती.

आता ती आपली स्क्रिप्ट वर सरकवत गेली. खालच्या गाळ्यात प्लास्टिकचं मशीन धडधडत होतं.

सापडलं.

जो उत्तर देतो, तो ऐकणारा. दशरथ ग्रुपवर प्रत्येकाला उत्तर द्यायचा. पाणी आलं नाही? बरोबर. जिन्यात चपला नकोत? बरोबर. त्याच्यापासून निघायला हवे होते ते सगळे बाण तिने त्याच्याकडे वळवले होते. टोक चुकीच्या बाजूला. कुठे काही अडलं नाही, लाल अक्षरात कुणी ओरडलं नाही. डेटाबेसला काय, बाण कुठूनही कुठेही चालतो.

(दशरथ) –ऐकतो→ (सगळे)

"सर." तिने स्क्रीनवर बोट ठेवलं. "बाण उलटा पडला. माझ्याकडून. म्हणजे... काका सगळ्यांचं ऐकतात. त्यांचं कुणी नाही ऐकत."

परेश ओरडेल असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मग सरळ कर," तो म्हणाला आणि चहा प्यायला लागला.

"मी विचारलं होतं ना त्याला," धर्मा म्हणाला. "मग कोणाचं ऐकतात ते? नाव सांग. दुसरं मनगट पिरगाळून विचारलं. तर म्हणे, बरोबर आहे तुमचं. दात पडला तरी तेच. बरोबर, बरोबर. येडा साला."

नेत्राने टोक फिरवलं. चालवलं.

गोल हलले, सरकले, आणि सगळे बाण एकाच गोलावर जाऊन बसले.

वनमाला. तळमजला. ग्रुपवर फार लिहायची नाही ती, पण लिहिलं की सगळे उत्तर द्यायचे. एकदा लिहिलं होतं, घाई नको, आधी कागद वाचू. आणि एका रविवारी, घावणे केलेत, दशरथभाऊ एकटे असतात, कुणीतरी नेऊन द्या गं.

परेशने कप खाली ठेवला. खुर्ची मागे सरकली.

टेबलाला वळसा घालून यायला त्याला कितीसा वेळ लागणार

(कोणीही) –ऐकतो→ (कोणीही)

तिने भराभर टाइप केलं; कुणाला कुणाशी जोडायचं याची अटच नाही. शिकताना अगदी सुरुवातीला केलेली चूक. अट घालायची राहिली होती आणि सगळ्यांना सगळे जोडले गेले होते, लॅपटॉप तापून बंद पडला होता, ती रडली होती.

तिने एंटर दाबलं.

"हे काय?" परेश तिच्या खांद्यावरून वाकला. स्क्रीनवर काळा गुंता होता. कोळ्याच्या जाळ्यातही एवढ्या गाठी नसतात.

"सगळेच सगळ्यांचं ऐकतात, सर."

धर्मा हसला. "मग एवढे स्टंप आणायचे कुठून?"

"आधीचं परत आण," परेश म्हणाला.

"नाही येत."

"चॅटवरून परत भर."

"चॅट तुम्हीच काल पुसायला लावलं, सर. माझ्याकडचं पण, ज्याने ग्रुपमधून काढून दिलं त्या किरणच्या फोनमधलं पण. पोलिसांना काही सापडायला नको म्हणून."

परेश सरळ झाला. मग त्याने लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. तिची बोटं अजून किबोर्डवर होती.

"टोक फिरवल्यावर एक नाव आलं होतं. तू बघितलंस. सांग."

तिने नकारार्थी मान हलवली.

झाकण आदळलं. तिने बोटं काढू नयेत म्हणून धर्माने तिची कोपरं मागून दाबून धरली. झाकण उघडलं, पुन्हा आदळलं. काहीतरी बारीक, कोरडं मोडलं, काडेपेटीतली काडी मोडावी तसं.

"नाव!"

"बरोबर आहे, सर," नेत्रा म्हणाली.

झाकण.

"बरोबर आहे तुमचं. बरोबर."

धर्माची पकड ढिली पडली. तो टेबलावरच्या स्टंपकडे बघत राहिला.

"परेशभाई," तो हळूच म्हणाला, "तो म्हातारा पण अस्साच बोलत होता."