पाणी कुठं मुरतंय

“पुन्हा तेच निघालंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “जिआर्डिया.”

प्लंबरने कपाळाला हात लावला. शेजारी बसलेल्या बायकोचं हे तिसरं आजारपण. पोट फुगायचं, करपट ढेकर यायचे आणि जुलाब लागले की थांबायचं नाव नाही. औषधाने थोडे दिवस बरं वाटे, की परत तेच. तिची हाडं वर आली होती.

“हा जंतू पाण्यातून येतो ना?” पहिल्या खेपेलाच त्याने विचारलं होतं. “मग तो माझ्या हातून सुटत नाही.” उभी हयात लोकांचे नळ दुरुस्त करण्यात गेलेली, आणि आपल्याच घरचं पाणी दगा देतं म्हणजे काय?

त्याने अंगण खणलं. गटाराला चिकटून गेलेला पाइप सापडला, सांध्याशी चिरलेला. चोर हाती लागावा तसा त्याला आनंद झाला. पाइप बदलला, आत उतरून टाकी घासली. “आता बघू कसा येतो!”

तरी आला.

मग त्याने घरात कायदाच लावला. पाणी खळखळून उकळायचं. भाजी त्याच पाण्यात धुवायची. संडासातून आल्यावर, स्वयंपाकाला बसण्याआधी साबणाने हात. बायकोची नखंसुद्धा तोच कापायचा. उंबऱ्याच्या आत बाहेरचं काही शिरता कामा नये.

असं दार लावणं त्याला नवं नव्हतं. लेक मनाविरुद्ध लग्न करून गेली, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नसे.

बायको सगळं मुकाट्याने करायची. एकदाच अडून बसली.

“तुझा तो शिवणाचा क्लास बंद कर,” तो म्हणाला होता. “तिथलं पाणी कसलं असेल कोण जाणे.”

“पाणी घरून नेईन. पण जाणार.”

“अगं, जिवावर बेतलंय तुझ्या!”

“बेतू दे. जाणार म्हणजे जाणार.”

इतक्या वर्षांत ती असं कधी बोलली नव्हती. दुसऱ्या दिवशी उकळलेल्या पाण्याची बाटली त्याने स्वतः भरून दिली.

“पाणी तुम्ही चोख ठेवलंय,” डॉक्टरबाई आता म्हणत होत्या. “म्हणजे माणसाकडून येतंय. तुम्हाला काही त्रास?”

“मला? दगड पचवतो मी.”

“त्रास नसला तरी पोटात जंतू असू शकतो. तुम्हीही घ्या. घरातल्या सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं. एक जरी राहिला तरी आजार फिरून येणार. लंगोटातलं मूल आहे का कुणी? पुष्कळदा तिथूनच लागण होते.”

“छे! आम्ही दोघंच,” तो ठासून म्हणाला. “दोघांचं लिहा. यंदा मुळापासून उपटायचं, कुणालाही वगळायचं नाही.”

चिठ्ठी घेऊन तो उठला. बायको जागची हलली नाही.

“चल की.”

“कुणालाही वगळायचं नाही, खरं ना?” तिने विचारलं.

“खरं म्हणजे काय, एकदम खरं!”

ती डॉक्टरबाईंकडे वळली.

“मग लेकीचं आणि जावयाचंही लिहा. आणि नात वर्षाची आहे, तिला किती द्यायचं तेवढं सांगा.”