एक ओळ, वर चार बोटं

"छान प्रगती," मुलीने वाचनवहीतला बाईंचा शेरा वाचून दाखवला आणि पेन पुढे केलं. "बाबा, सही."

शिंप्याने मशीनवरचा पाय काढला. शाळेचा नियमच होता, घरी कुणीतरी मुलीचं वाचन ऐकायचं, शेरा वाचायचा, खाली सही करायची. सही त्याला मोठी झोकात यायची. सहीपलीकडे एक अक्षर येत नव्हतं, पण ते पोरीला कशाला कळायला हवं? तिच्यासमोर तो रोज वर्तमानपत्र उघडून बसायचा.

आज मात्र पेन टेकवता टेकवता त्याचा हात थांबला. सगळा जन्म मापं घेण्यात गेलेला माणूस तो, पाव इंचाचा फरकसुद्धा त्याच्या डोळ्यांना खुपायचा. शेरा चांगला तीन ओळींचा होता. आणि पोरीने वाचले किती शब्द? दोन!

"परत वाच."

"छान प्रगती... आहे."

"अरे वा! ओढूनताणून एक शब्द वाढवलास?"

मुलीचा चेहरा उतरला. तिसरीतली पोर ती, किती वेळ थापा मारणार?

"मला वाचताच येत नाही," ती म्हणाली. "पहिलं अक्षर बघायचं आणि काहीतरी ठोकून द्यायचं. वर्गात सगळे हसतात. आणि तुम्हाला पण येत नाही ना, म्हणून मी..."

शिंप्याची कानशिलं तापली. म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं! एक क्षण त्याला तिच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. मग त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने शटर अर्धं ओढलं, कापायच्या टेबलावर वही उघडून ठेवली आणि गळ्यातली टेप काढून पहिल्या ओळीखाली आडवी लावली. मुलगी टेबलाच्या या बाजूला, तो त्या बाजूला.

"आता ठोकून द्यायचं नाही. जेवढी ओळ, तेवढंच बोलायचं."

"मुल-गी... अं-दा... अंदाजाने... वाचते."

तिची ओळ संपली की तो टेप खाली सरकवायचा. तीन ओळींना इतका वेळ लागला की मध्येच एक गिऱ्हाईक पँट न्यायला आलं आणि 'उद्या या हो!' ऐकून निघूनही गेलं. बाईंनी लिहिलं होतं, मुलगी अंदाजाने वाचते, मागे पडतेय, एकदा येऊन भेटा.

शिंप्याने मागची पानं उलटली. असेच लांबलचक आणखी चौदा शेरे निघाले, आणि प्रत्येकाखाली त्याची सही. चौदा वेळा बाईंनी हाका मारल्या आणि चौदा वेळा हा बाबा खुशाल सही करून मोकळा!

"सगळे वाच. पार पहिल्यापासून."

मुलीने पहिलं पान काढलं. तिच्या नाकावर घाम आला होता.

"रोज... वीस मिनिटं... मुलीला... मोठ्याने वाचू द्या." ती थांबली. पुढचे शब्द ओठांतल्या ओठांत जुळवून बघितले, बापाकडे पाहिलं आणि पानावर पंजा ठेवला. "संपलं."

"संपलं कुठे? अजून एक ओळ उरलीय, वर चार बोटं. हात काढ."

"बाबा, नको ना."

"वाच म्हणतो ना."

मुलीने हात काढला. टेप खाली सरकली.

"तुम्हाला... वाचता... येत नसेल, तरी... चालेल. फक्त... तिच्या... शेजारी बसा."

माप बरोबर भरलं होतं. शेऱ्याखाली त्याचीच सही होती, खाली दोन रेघा ओढलेली, झोकदार.

शिंपी स्टूल उचलून टेबलाला वळसा घालून आला आणि तिला खेटून बसला.

"हं," तो म्हणाला, "पुढचं पान."