कॅमेऱ्याचं झाकण

मास्तरांचा कॅमेरा जुना. झाकण न काढताही बघायच्या काचेतून सगळं दिसायचं. त्यामुळे खिडकीतून पाखरं टिपताना ते झाकण हमखास विसरायचे, आणि मागून बायको हसायची, “अहो, झाकण!”

ती जाऊन वर्ष झालं. परसात तिने टांगलेल्या दाण्यांच्या ताटलीवर काल चिमण्यांची झुंबड उडाली. मास्तरांनी अख्खा रोल संपवला आणि मग पाहिलं, तर झाकण तसंच! “आता ओरडायलाही कोणी नाही,” ते पुटपुटले. तरी सवयीने त्यांनी रोल धुवायला दिला.

“सगळे काळे आलेत, मास्तर,” फोटोवाला म्हणाला. “शेवटचा तेवढा झकास. परसातून कोणी काढला?”

फोटोत मास्तर कॅमेरा डोळ्याला लावून खिडकीत उभे होते. त्यांच्या खांद्यावरून, दाण्यांचा कोंडा लागलेला एक हात झाकणाकडे येत होता.