दोघींच्या बाटल्या

दिपा आणि माधुरी या जासईच्या जुळ्या बहिणी. दोघींच्या अंगात चरबी धरतच नव्हती. खाल्लेलं अंगी लागेना आणि भूक सरेना. पनवेलला या आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या आईला, कुंदाला, बजावलं, "इंजेक्शन रोज घरीच टोचायचं. एकीच्या बाटल्यांत औषध आहे, दुसरीच्या बाटल्यांत नुसतं पाणी. कोणाचं काय, ते आम्हालाही ठाऊक नाही. एकीचं दुसरीला दिलंत, तर दोघींची नावं कापावी लागतील."

तीन महिन्यांनी गुपित उघडलं, आणि डॉक्टरच चक्रावले. "कुंदाताई, माधुरीला तर पाणीच होतं. मग तिचीही भूक दिपाइतकीच कशी उतरली?"

कुंदाने दोघी पोरींना जवळ ओढलं.

&nbsp;

"एका पोरीला रोज नुसतं पानी टोचाया माजा हात नाय उठला, डॉक्टर. दोन्ही बाटल्या मी दोघींना अर्ध्या अर्ध्या दिल्या."